वाऱ्याचा हिशेब
कोयनेच्या तारा, जाळीचे मनोरे आणि त्यांच्याखालची जमीन

साताऱ्याहून कराड, तिथून पेठ नाका आणि पुढे सांगलीकडे जाणाऱ्या माणसाला वाटेत दोन गोष्टी सतत भेटतात : ऊस आणि विजेचे लोखंडी मनोरे. उसावर आपल्याकडे भरपूर लिहिले गेले. त्याच्या सहकारावर, राजकारणावर, तोडणीवर. मनोऱ्यांकडे मात्र कोणी थांबून पाहत नाही. 'हायटेन्शनची लाईन' एवढे म्हणून आपण पुढे जातो. शेतकऱ्याच्या लेखी तो 'टॉवर' असतो, आणि तो आपल्या रानात असेल तर नशिबाला दोष देण्याचे एक कारण असतो.

या मनोऱ्यांना एक इतिहास आहे. तो विजेच्या इतिहासापेक्षा वेगळा आहे. वीज कोठून आली, कोणाला मिळाली, हे आपल्याला थोडेफार माहीत असते. पण तीस-पस्तीस मीटर उंचीचा, आतून पोकळ, चार बारीक पायांवर उभा असलेला हा सांगाडा वादळात टिकेल, हे आधी कसे ठरवले गेले? तो हिशेब कोणी मांडला, त्यात काय धरले आणि काय सोडले? सातारा-सांगली हा प्रदेश या प्रश्नासाठी सोयीचा आहे, कारण कोयनेमुळे इथे या हिशेबाच्या सगळ्या बाजू एकत्र आल्या : डोंगर, काळी माती, महापूर, भूकंप आणि वारा.

*

विजेच्या मनोऱ्याचा पूर्वज पवनचक्कीचा मनोरा आहे. १८९१ साली जर्मनीत लाउफेन ते फ्रँकफर्ट अशी सुमारे १७५ किलोमीटरची वीजवाहिनी टाकून दाखवण्यात आली, तेव्हा तारा लाकडी खांबांवर होत्या. पुढे अंतर आणि दाब वाढला तसे लाकूड अपुरे पडू लागले. अमेरिकेत शेताला पाणी उपसणाऱ्या पवनचक्क्यांसाठी पोलादी अँगलचे जाळीदार मनोरे तयार मिळत असत. १९०३च्या सुमारास मेक्सिकोतल्या ग्वानाह्वातोच्या खाणींना वीज नेण्यासाठी शिकागोच्या एरमोटर या पवनचक्की कंपनीचे मनोरेच वापरले गेले. वारा पकडण्यासाठी बनवलेला सांगाडा वाऱ्याला तोंड देत तारा धरू लागला.

त्यानंतर अवघ्या दहा-बारा वर्षांत हे तंत्र सह्याद्रीत पोचले. टाटांच्या खोपोलीच्या वीजघरातून १९१५ साली मुंबईत परळला वीज आली ती एक लाख व्होल्टच्या दाबाने, लोखंडी मनोऱ्यांवरून. भिवपुरी आणि भिरा ही वीजघरे त्यामागून आली. मुळशीच्या धरणासाठी जमिनी जाणाऱ्या मावळ्यांनी १९२१पासून सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला, तो आपल्या इतिहासात नोंदला गेला. पण धरणाने जमीन बुडते आणि मनोऱ्याने ती फक्त अडते, असा फरक तेव्हापासूनच मनात ठसला असावा. बुडालेल्या गावाची गोष्ट होते, अडलेल्या गुंठ्याची होत नाही.

*

मनोऱ्याचा हिशेब समजून घ्यायला आपल्याकडचा एक शब्द पुरेसा आहे : कैची. गोदामाच्या, शाळेच्या किंवा साखर कारखान्याच्या पत्र्याखाली असते ती. चार दांड्यांची चौकट टोकांना एकेका खिळ्याने जोडली तर ढकलल्यावर ती तिरकी होते. तीन दांड्यांचा त्रिकोण मात्र आकार बदलत नाही; बदलायचा तर दांडा तरी तुटला पाहिजे नाहीतर वाकला पाहिजे. म्हणून कैचीत सगळे त्रिकोण असतात. मनोरा म्हणजे उभी केलेली, चारही बाजूंनी मिळून एक झालेली कैची.

त्रिकोणांची ही जाळी एका बाजूने ढकलली तर प्रत्येक दांड्यात किती ओढ आणि किती दाब येईल, हे काढण्याच्या सुटसुटीत रीती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तयार झाल्या. १८६४ साली मॅक्सवेलने, म्हणजे विद्युतचुंबकाच्या समीकरणांसाठी ज्याला आपण ओळखतो त्यानेच, सांगाड्याच्या आकृतीशेजारी बलांची दुसरी आकृती काढून उत्तर मोजपट्टीने मोजता येते हे दाखवले. झुरिकच्या कार्ल कुलमनचा आलेखी स्थितिशास्त्रावरचा ग्रंथ १८६६चा. इटलीच्या क्रेमोनाने १८७२मध्ये ही रीत आणखी सोपी केली. कुलमनचा विद्यार्थी मॉरिस केश्लँ पुढे आयफेलच्या कंपनीत गेला आणि पॅरिसच्या मनोऱ्याची पहिली आकृती त्याने काढली. १८८९च्या त्या मनोऱ्याची खालून फाकत गेलेली बाह्यरेषा वाऱ्याच्या हिशेबातून आली आहे. आपल्या शिवारातला मनोराही खाली रुंद आणि वर निमुळता असतो, त्याचे कारण तेच.

टी-स्क्वेअर, कोनमापक आणि टोक काढलेली पेन्सिल यांच्या बळावर हे काम चाले. अनेक दशके जगभरचे मनोरे कागदावरच्या या रेघांवर उभे राहिले. भारतातही १९४५ साली मुंबईत सुरू झालेल्या कमानी इंजिनिअरिंग कॉर्पोरेशनसारख्या कंपन्यांनी मनोरे बनवायला घेतले, तेव्हा आराखड्यांच्या खोलीतली हत्यारे हीच होती.

*

कोयना महाबळेश्वरला उगम पावते, दक्षिणेकडे वाहते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. तिच्या दरीच्या पश्चिमेला सह्याद्रीचा कडा आणि त्याखाली कोकण. पूर्वेला जाणारे पाणी अडवून बोगद्याने पश्चिमेला सोडले तर ते सुमारे पावणेपाचशे मीटर खाली कोसळते. हा विचार विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून होता. प्रत्यक्ष काम १९५४ साली सुरू झाले. देशमुखवाडीजवळ १०३ मीटर उंचीचे धरण आणि डोंगराच्या पोटात पोफळीचे वीजघर उभे राहिले. पहिले यंत्र १९६२मध्ये फिरू लागले. महाराष्ट्र राज्याची स्थापना १ मे १९६० रोजी झाली आणि महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची त्याच वर्षीच्या जूनमध्ये. म्हणजे राज्य, मंडळ आणि कोयना यांचे वय जवळजवळ सारखे आहे. पुढे टप्पे वाढत गेले आणि आज प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट आहे.

पण पोफळीत निर्माण झालेली वीज पोफळीत कोणाला नको होती. ती हवी होती मुंबई-पुण्याच्या कारखान्यांना. त्यासाठी २२० केव्हीच्या, म्हणजे दोन लाख वीस हजार व्होल्टच्या वाहिन्या डोंगर-दऱ्यांतून न्याव्या लागल्या. याच वाहिन्यांची दुसरी दिशा पूर्वेकडे, कडा चढून पाटणमार्गे कराडकडे. ज्या कराडशेजारी ओगलेवाडीच्या काच कारखान्यातला प्रभाकर कंदील घरोघर पोचला होता, ते कराड पुढे चारशे केव्हीच्या जाळ्यातले महत्त्वाचे ठाणे बनले.

या वाहिन्यांसाठी मनोऱ्याचा एकच नमुना पुरत नाही. तारा सरळ जात असतील तिथे हलका मनोरा चालतो, कारण पुढची आणि मागची ओढ एकमेकींना खोडून काढते. जिथे वाहिनी वळते तिथे ती ओढ पूर्ण खोडली जात नाही, आणि वळण जितके मोठे तितका मनोरा जड. दोन अंशांपर्यंत एक प्रकार, पंधरापर्यंत दुसरा, तीसपर्यंत तिसरा, साठपर्यंत चौथा अशी ढोबळ विभागणी असते. शेताच्या बांधावरून रेघ वळवून घ्या, असे शेतकरी म्हणतो तेव्हा अभियंता का कुरकुरतो, याचे एक कारण इथे आहे. प्रत्येक वळण काही टन पोलाद मागते.

*

आता प्रत्यक्ष हिशेब पाहू. २२० केव्हीच्या वाहिनीवर आपल्याकडे 'झेब्रा' नावाची तार वापरतात. ॲल्युमिनियमच्या पेडांची, आत पोलादाचा गाभा असलेली, सुमारे २८.६ मिलिमीटर जाडीची. किलोमीटरला तिचे वजन सुमारे १६२० किलो. दोन मनोऱ्यांमध्ये ३५० मीटर अंतर धरले तर एका तारेचे वजन साधारण ५७० किलो होते, आणि दुहेरी वाहिनीच्या सहा तारांचे साडेतीन टनांच्या आत. मनोऱ्याला हे ओझे मोठे नाही. ते सरळ खाली जाते आणि चार पाय ते वाटून घेतात.

खरी गोष्ट वाऱ्याची. २८.६ मिलिमीटर जाडीची ३५० मीटर तार म्हणजे वाऱ्याला आडवा आलेला दहा चौरस मीटरचा पट्टा. सहा तारांचे साठ चौरस मीटर. जणू एखाद्या दुमजली घराची आख्खी भिंत वर टांगली आहे. भारतीय मानकाच्या नकाशात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. त्या वेगाचा दाब चौरस मीटरला सुमारे ९३ किलो होतो. साठ चौरस मीटरवर साडेपाच टन. हा धक्का सरासरी २५ मीटर उंचीवर बसतो आणि मनोऱ्याचे पाय खाली सात मीटर अंतरावर आहेत असे धरू. तरफेच्या नियमाने वाऱ्यापलीकडच्या दोन पायांवर मिळून वीस टन दाब येतो आणि वाऱ्याकडचे दोन पाय तेवढ्याच जोराने वर उचलले जातात. मनोऱ्याच्या स्वतःच्या अंगावर बसणारा वारा आणि झोतांचा झटका यात अजून धरलेलाच नाही. मानकातली रीत याहून बारकाईची आहे, पण हिशेबाचा गाभा हाच.

म्हणजे मनोऱ्याला खचण्यापेक्षा उपटला जाण्याची भीती मोठी. त्याचा पाया घराच्या पायासारखा नुसता भार पेलत नाही, तो जमिनीला धरून ठेवतो. खाली पसरट काँक्रीट आणि त्याच्यावरची माती यांच्या वजनाने तो पाय खाली दाबून ठेवायचा. पाटणच्या कातळात हे तुलनेने सोपे. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत अवघड, कारण ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि ओली असताना तिच्या पकडीवर फारसे विसंबता येत नाही. शिवाय माती पाण्याखाली गेली की तिचे वजन जवळजवळ निम्मे भरते. सांगलीने २००५ आणि २०१९ साली जे महापूर पाहिले, तशा पाण्यात उभ्या राहणाऱ्या पायासाठी वेगळा, मोठा आकार धरावा लागतो.

पोलादाची बाजू वेगळी. ओढीला अँगल चांगला टिकतो. दाबाला मात्र लांब, सडपातळ दांडा तुटण्याच्या खूप आधी बाजूला वाकून निकामी होतो, हे अठराव्या शतकात ऑयलरने गणिताने दाखवले होते. लांबी दुप्पट झाली तर सडपातळ दांड्याची ताकद एक चतुर्थांश उरते. म्हणून मनोऱ्यात मधेमधे लहान अँगल घालून मोठ्या पायाची मोकळी लांबी तोडतात. या लहान अँगलमध्ये हिशेबाने जवळजवळ काहीच बल येत नाही. इंग्रजी परिभाषेत त्यांना चक्क 'रिडंडंट', म्हणजे फाजील, म्हणतात. भंगारासाठी मनोऱ्याचे अँगल काढून नेण्याचे प्रकार देशभर घडतात, आणि हाताला लागतात ते हेच खालचे, लहान, 'फाजील' अँगल. मनोरा त्या दिवशी पडत नाही. पुढच्या वादळापर्यंत त्याचा पाय चतुर्थांश ताकदीवर उभा राहू शकतो, आणि खालून जाणाऱ्याला ते दिसत नाही.

*

हा सगळा हिशेब नियमात बांधणारे भारतीय मानक, आयएस ८०२, पहिल्यांदा १९६७ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी ११ डिसेंबरला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर हादरले. सुमारे साडेसहा तीव्रतेच्या त्या भूकंपात पावणेदोनशेच्या घरात माणसे गेली. कोयनेची वीज थांबली, आणि ही वीज किती दूरवर लागते हे मुंबईच्या कारखान्यांना त्या दिवशी कळले.

धरणाच्या आराखड्यात भूकंपाचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या ०.०५ पट धरला होता. धरणातल्या यंत्राने एका दिशेला ०.६३ पट नोंदवला. धरण उभे राहिले, पण जिथे त्याचा उतार एकदम बदलतो तिथे दोन्ही अंगांना भेगा गेल्या आणि नंतर त्याला मागून आधार द्यावा लागला. भूकंपशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत कोयना त्यानंतर कायमची गेली.

मनोऱ्यांच्या मानकाची भूमिका भूकंपाबाबत वेगळी आहे. मनोरा हलका आणि लवचीक आहे, हादऱ्याबरोबर तो डोलतो. मोठा भूकंप आणि मोठे वादळ एकाच क्षणी येण्याची शक्यता कमी. म्हणून वारा हाच मुख्य निकष, आणि भूकंपाच्या प्रदेशात पायाचा वेगळा विचार करावा. एकाच प्रकल्पातल्या दोन बांधकामांचे स्वभाव इतके उलटे आहेत. धरणाचे वजन हीच त्याची ताकद, आणि भूकंपात तेच वजन त्याच्यावर उलटते. मनोऱ्याचे हलकेपण त्याला भूकंपात वाचवते आणि वाऱ्यात अडचणीत आणते.

आणखी एक फरक आहे आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. धरण आधी बांधून, मोडून पाहता येत नाही. मनोरा येतो. नव्या प्रकारचा मनोरा शेतात जाण्याआधी त्याचा पूर्ण आकाराचा नमुना चाचणीच्या मैदानावर उभा करतात, दोरांनी आणि यारींनी त्याला हिशेबातली सगळी ओढ देतात, आणि पुष्कळदा शेवटी तो मोडेपर्यंत ओढतात. नागपूरजवळच्या बुटीबोरीत, जबलपूरला, चेन्नईच्या संशोधन केंद्रात अशी मैदाने आहेत. संगणक आल्यावर ही पद्धत बंद व्हायला हवी होती. पेन्सिलीने जे चार बाजूंचे चार सपाट सांगाडे वेगळे सोडवले जात, ते यंत्र एकत्र, तिन्ही मितींत सोडवू लागले. हजारो समीकरणे क्षणात. पण हिशेबात दांडे नेमके एका बिंदूत मिळतात आणि प्रत्यक्षात अँगल एका पाखीवर बोल्टने जोडलेला असतो. बल त्याच्या मध्यातून जात नाही. भोकात बोल्ट किंचित सरकतो. या किंचितपणाची बेरीज शेवटी मोडूनच कळते.

मानकही बदलत गेले. १९७३ आणि १९७७ साली त्याची सुधारणा झाली. तोवर 'नेहमीच्या भाराला दुप्पट ताकद' असा सरळ सुरक्षांक होता आणि देशाच्या वाऱ्याचे हलका, मध्यम, जड असे तीनच पट्टे होते. १९९५च्या आवृत्तीत सहा पट्टे आले आणि प्रश्नच बदलला : पन्नास वर्षांत एकदा येईल असे वादळ धरायचे, की दीडशे वर्षांत, की पाचशे? नेहमीच्या वाहिनीला पन्नास, मोठी नदी ओलांडणाऱ्या उंच मनोऱ्याला पाचशे. म्हणजे मनोरा कधीच पडणार नाही असे अभियंता आता म्हणत नाही. किती वर्षांच्या वाऱ्याची जबाबदारी घेतली, ते तो लिहून ठेवतो. सपाट प्रदेशात साधारण पाच किलोमीटरच्या आत एक जड मनोरा घालतात, तोही याच प्रामाणिकपणातून : एक पडला तर माळेतले सगळे पडू नयेत.

*

इतक्या काटेकोर हिशेबात एक गोष्ट फार काळ शून्य धरली गेली. ती म्हणजे मनोऱ्याखालची जमीन.

वाहिनीसाठी जमीन संपादित होत नाही. १८८५च्या टेलिग्राफ कायद्याने तारखात्याला कोणाच्याही जमिनीवरून तारा नेण्याचा, खांब रोवण्याचा अधिकार दिला. मालकी शेतकऱ्याचीच राहते, आणि जे नुकसान होईल त्याची भरपाई द्यायची. हेच अधिकार वीजवाहिन्यांना देण्याची सोय १९१०च्या वीज कायद्यात होती आणि २००३च्या कायद्यात कलम १६४ने ती राहिली. तारखात्याच्या हलक्या खांबासाठी आखलेला हक्क अशा रीतीने सात मीटर रुंद बुडाच्या मनोऱ्याला लागू झाला. व्यवहारात 'नुकसान' म्हणजे त्या हंगामाचे पीक आणि तोडलेली झाडे.

कोयनेच्या पहिल्या वाहिन्या पाटण-कराडच्या रानांतून गेल्या त्या या कायद्याच्या छायेत. सात मीटर चौरस बूड म्हणजे सुमारे अर्धा गुंठा. किलोमीटरला तीन मनोरे, म्हणजे दीड गुंठा, नगण्य वाटते. पण २२० केव्हीच्या तारांखालचा पट्टा ३५ मीटर रुंद असतो, ४०० केव्हीचा ४६ मीटर. ३५ मीटर गुणिले एक किलोमीटर म्हणजे साडेतीन हेक्टर, जवळपास साडेतीनशे गुंठे. त्या पट्ट्यात पीक घेता येते, पण घर बांधता येत नाही, उंच झाड लावता येत नाही. बिगरशेती करून विकायची वेळ आली की गिऱ्हाईक तारांकडे बोट दाखवून भाव पाडते. उसाचे पाचट तारांखाली पेटवले तर ज्वाळा आणि धूर यांच्यामुळे हवेची रोधकता घटते आणि वाहिनी तिथेच झडप घालते. चार पायांच्या मध्ये नांगर आणि ट्रॅक्टर नीट फिरत नाही. पिढी बदलली, वाटण्या झाल्या, दोन एकरांचे तुकडे अर्ध्या-अर्ध्या एकराचे झाले. मनोरा मात्र ज्याच्या वाट्याला आला त्याच्या वाट्याला पूर्ण आला.

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१५मध्ये पहिल्यांदा मार्गदर्शक दर सांगितले : मनोऱ्याच्या बुडाखालच्या जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी जास्तीत जास्त १५ टक्के. जून २०२४च्या नव्या मार्गदर्शनात हे आकडे २०० टक्के आणि ग्रामीण भागातल्या पट्ट्यासाठी ३० टक्के झाले. टेलिग्राफ कायद्यापासून मोजले तर पट्ट्याला किंमत असते हे मान्य व्हायला १३० वर्षे लागली. १९६०च्या दशकातल्या मनोऱ्यांचे पाय ज्यांच्या रानात आहेत, त्यांच्यापर्यंत हे नवे आकडे पोचत नाहीत. हे दर नव्या वाहिन्यांसाठी आहेत.

*

यात साधे खलनायक शोधणे योग्य होणार नाही. याच तारांवर कृष्णाकाठचे पंप चालतात. टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या योजना कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून आटपाडी, खानापूर, कवठेमहांकाळ, जतच्या दुष्काळी रानांत नेतात. कोयनेचे पाणी कोकणात उतरते तेव्हा वीज होते, आणि कृष्णेचे पाणी जतकडे चढते तेव्हा वीज लागते. दोन्हींच्या मध्ये मनोरे आहेत. ते उभारणाऱ्या टोळ्यांत पश्चिम बंगालच्या मालदा जिल्ह्यातली पोरे मोठ्या संख्येने असतात, डेरिक लावून अँगल एकावर एक चढवणारी. या इतिहासात त्यांचीही नोंद असायला हवी.

१९९०च्या दशकाच्या अखेरीस पाटण तालुक्यात, शिवसागर जलाशयाच्या वरच्या अंगाला, वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. चाळकेवाडी, पुढे सांगली जिल्ह्यात गुढे पाचगणी आणि ढालगावच्या माळावरही त्या आल्या. काही गोल नळकांड्यांवर आहेत, काही जुन्या धाटणीच्या जाळीच्या मनोऱ्यांवर. ग्वानाह्वातोला पवनचक्कीचा मनोरा तारांसाठी उसना घेतला होता. इथे दोन्ही एकाच पठारावर शेजारी उभे आहेत. एक वाऱ्यापासून वीज काढतो, दुसरा त्याच वाऱ्याला तोंड देत ती वाहून नेतो.

वनकुसवड्याहून निघणाऱ्या नव्या वाहिन्या खाली उतरतात त्या पुन्हा कोणाच्या तरी रानातून. तिथे रेघ आखताना अभियंत्याच्या संगणकात आता वाऱ्याचा वेग, मातीची जात, वळणाचा अंश, तार तुटण्याची शक्यता आणि पन्नास वर्षांत एकदा येणारे वादळ असते. त्याच तक्त्यात तारांखालच्या साडेतीनशे गुंठ्यांचा एक रकाना पहिल्यापासून मांडला, तर एखादे जड वळण घेऊन बांधावरून जाणे कदाचित स्वस्त ठरेल. कैचीच्या गणिताला त्याची अडचण नाही. त्याला फक्त भार सांगावा लागतो.